खिशातली रेकॉर्ड रूम

"अण्णा, प्लंबर येईल. स्वयंपाकघरातला नळ बदलून घ्यायचा," सूनबाई दाराशी चपला चढवता चढवता सांगत होत्या. "तो म्हणेल तेव्हा गच्चीवर जाऊन आपला कॉक बंद करायचा. काम झालं की उघडायचा. बस, एवढंच."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" अण्णा म्हणाले.

यावर मुलानं सूनबाईंकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचा अर्थ अण्णांना बरोबर कळला. गेल्या महिन्यात अण्णांनी दूध तापत ठेवून पातेल्याचा कोळसा केला होता. त्यानंतर एकदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं होतं आणि संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिले होते. घरात दोघंही नोकरीवाले. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर एकटं कसं ठेवायचं, म्हणून अण्णांना थोरल्या लेकीकडे कायमचं धाडायचं घाटत होतं. लेकीकडे मायेला तोटा नव्हता, पण तिथे टीव्ही उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असे आणि घरातले सगळे त्याच्यावरून ओरडून बोलत. अण्णांना इथंच राहायचं होतं. आजचा रविवार ही परीक्षा आहे असं कुणी म्हटलं नव्हतं, पण परीक्षा होतीच.

दूध काय आणि किल्ली काय, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती. ती आत्ताही अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात होती.

भाच्यानं घर आवरताना ते यंत्र अण्णांना देऊन टाकलं होतं. साबणाच्या वडीएवढं, बोटानं अक्षरं दाबायच्या राखाडी पडद्याचं, दोन सेलवर चालणारं. त्याला इंटरनेट नको, वायर नको, काही नको. बटणं तीन: एक शोधायचं, एक मागं जायचं आणि एक नुसतंच 'कोणतंही पान' उघडायचं. आत अख्खा ज्ञानकोश होता. भाच्याच्या लेखी ती अडगळ होती. पण अण्णांनी उभी हयात सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेली. तिथे एक कागद शोधायचा तर शिडी लावा, धूळ झटका, झुरळं हाकला आणि शेवटी बाहेर येऊन सांगा, "सापडत नाही, उद्या या." असं लोकांना सांगता सांगता केस पांढरे झाले होते. अशा माणसाच्या तळहातावर कुणी साऱ्या जगाची रेकॉर्ड रूम ठेवली, आणि तिनं एकदाही 'उद्या या' म्हटलं नाही, तर त्याचं काय होणार? पहिल्या दिवशी त्यांनी 'जिराफ' शोधला. एवढ्या लांब मानेतही माणसाइतकीच सात हाडं, हे वाचून त्यांनी आधी स्वतःची मान चाचपली आणि मग खुर्चीवर बसून घेतलं. यंत्राला नमस्कार करायचा तेवढा राहिला.

प्लंबर आला तो घाईतच. दांडगा गडी, खांद्यावर पिशवी, तोंडात खिळे असल्यासारखं तुटक बोलणं.

"आजोबा, नळ पार गेलाय. कॉक बंद करून या. मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"हा आलो!" अण्णा म्हणाले, आणि खरंच निघाले. गच्चीवर गेले. टाकीजवळ ओळीनं कॉक होते, आपला कुठला हे त्यांना पाठ होतं. हात पुढे केला आणि सहज वर बघितलं, तर लख्ख उन्हात, निळ्या आभाळात, चंद्र.

चंद्र त्यांनी दिवसा पूर्वीही पाहिला असेल. पण तेव्हा खिशात यंत्र नव्हतं. भरदिवसा हा इथे काय करतोय? पुढे केलेला हात मागे आला आणि खिशात गेला.

चंद्र रात्रीचाच उगवतो असं नाही, यंत्र सांगत होतं. तो दिवसाही तितकाच वेळ आभाळात असतो, आणि सूर्याच्या उजेडातही दिसण्याइतका तेजस्वी असतो. लोकच वर बघत नाहीत. अण्णा वर बघत राहिले. सत्तरी उलटली, आणि हा रोजचा डोक्यावरून जाणारा माणूस आपल्याला ओळखूच आला नव्हता! त्यांचे डोळे पाणावले. हे कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, म्हणून ते लगबगीनं जिना उतरले.

"केला बंद?" प्लंबरनं पाना लावून ठेवला होता.

"हो हो," चंद्रानं भरलेल्या डोक्यानं अण्णा म्हणाले. "अहो, पण तुम्हाला ठाऊक आहे का, चंद्र..."

प्लंबरनं नळ काढला.

पुढचं वाक्य अण्णांना पुरं करता आलं नाही. भिंतीतून पाण्याचा असा लोट आला की प्लंबर दोन पावलं मागं गेला, ओट्यावरची भांडी खाली आली आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाहून निघालं. प्लंबरनं धावत जाऊन भोकावर तळवा दाबला. पाणी आता बोटांच्या फटींतून दाही दिशांना उडू लागलं.

"आजोबा! बंद केला म्हणालात ना?"

"म्हणालो खरं," अण्णा पुटपुटले. त्यांची पाचावर धारण बसली. डोळ्यांसमोर लेकीचा टीव्ही दिसू लागला.

"पळा आता! मला हात काढता येत नाही!"

अण्णा पळाले. जिन्यातच खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई वर येताना भेटल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीतच होता.

"काय चाललंय वरती? माझ्या डोक्यावर गळतंय! पेपर वाचत होते मी, त्याचा लगदा झाला!"

"कॉक उघडा राहिलाय. बंद करायला निघालोय."

"मग निघालायत कुठे एवढे हळू? चला, मी येते. तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नाही."

दोघं गच्चीवर पोचले. अण्णांच्या हाताला घाम आलेला, कॉक गंजलेला. मास्तरीणबाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः जोर लावला. कॉक हलेना. दम घ्यायला म्हणून त्यांनी मान वर केली.

"हे काय? दिवसाढवळ्या चंद्र?"

अण्णांनी ओठ घट्ट मिटून घेतले. सांगायचं नाही, सांगायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण बाई पुढे म्हणाल्या, "ग्रहण वगैरे असणार काहीतरी," आणि हे मात्र अण्णांना सोसलं नाही.

"ग्रहण नव्हे. तो दिवसाही असतोच. रात्रीइतकाच."

"उगाच काहीतरी! मी मुलांना जन्मभर शिकवलंय, चंद्र रात्रीचा आणि सूर्य दिवसाचा."

अण्णांनी यंत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा सारखा करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग चंद्राकडे पाहिलं, आणि एखाद्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला.

"अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "किती मुलांना चुकीचं सांगितलं मी. आणखी काय काय आहे यात?"

"सगळं," अण्णा म्हणाले.

खालून प्लंबरची आरोळी आली. तिच्यात शब्द असे नव्हते, पण अर्थ पुरेपूर होता. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा कॉक फिरला.

स्वयंपाकघरात पाणी घोट्यापर्यंत साचलं होतं आणि बाहेरच्या खोलीकडे निघालं होतं. प्लंबर डोक्यापासून पायापर्यंत चिंब होऊन ओट्यावर बसला होता. अण्णा आता बोलणी खायची तयारी करूनच आत गेले. पण प्लंबरचा राग पाण्याबरोबरच ओसरला असावा. नाकावरून ओघळणारं पाणी पुसत तो म्हणाला, "आयुष्य गेलं या पाण्यात. पण एक सांगा आजोबा, हे एवढं पाणी येतं तरी कुठून? नवीन तयार होतं का कुठं?"

वेळ कुठली, प्रश्न कुठला! पण विचारणाऱ्याला 'उद्या या' सांगायचं पाप अण्णांनी आता सोडलं होतं. त्यांनी शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. नवीन पाणी जवळजवळ होतच नाही. तेच समुद्रातून ढगात, ढगातून जमिनीवर, जमिनीतून झाडात आणि परत समुद्रात, असं कोट्यवधी वर्षं फिरत आलं आहे.

प्लंबरनं पायाखाली बघितलं. पाण्यात सूनबाईंची चहाची गाळणी तरंगत होती.

"म्हणजे हे डायनोसॉरनं प्यालेलं?"

"असेल की. आधी त्यानं, मग कुणी, मग कुणी."

"आणि आता मी अंगावर घेतलं," प्लंबर म्हणाला. त्यानं ओल्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "आईशप्पथ! पंधरा वर्षं याला मी नुसतं पाणी समजत होतो."

मास्तरीणबाई पाय वर घेऊन ओट्यावर चढून बसल्या. "जरा 'कोणतंही पान' दाबा बघू," त्या म्हणाल्या.

मुलगा आणि सूनबाई परत आले तेव्हा दारातून पाण्याचा ओघळ जिन्यात आला होता. आत ओट्यावर तिघं शेजारी शेजारी बसले होते आणि नळाच्या जागी भोक होतं.

"अण्णा!" मुलगा ओरडला.

"हळू," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फुलपाखराचं चाललंय."

अण्णा मात्र उतरले. पाण्यात उभं राहून त्यांनी सगळं खरं सांगितलं. मग यंत्र सूनबाईंपुढे धरलं. "हे घे. याच्यापायी झालं सगळं. कपाटात कुलूप लावून ठेव. पण मला इथंच राहू द्या."

सूनबाईंनी यंत्र घेतलं आणि त्या तडक आतल्या खोलीत गेल्या. यापेक्षा रागाचं बोलणं परवडलं असतं, असं अण्णांना वाटलं. प्लंबरनं निमूट नवा नळ बसवला, मास्तरीणबाई खाली गेल्या, आणि बापलेक फडकी घेऊन फरशी पुसायला बसले. फरशी कोरडी झाली तरी सूनबाई बाहेर येईनात.

मुलानं फोन उचलला. "अण्णा, माझा नाइलाज आहे. ताईला सांगतो, पुढच्या रविवारी तुम्हाला सोडतो म्हणून." त्यानं नंबर लावला. अण्णांनी मान खाली घातली. आता विनवणी करायलाही त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात सूनबाई दारात आल्या. बाहेर जायचे कपडे अजून अंगावर होते, आणि डोळे यंत्रावर.

"अण्णा, फुलपाखराला पायांनी चव कळते?"

"हो," अण्णा घाबरत म्हणाले. "बसल्या बसल्या कळते त्याला."

"आणि ऑक्टोपसला तीन हृदयं?" त्यांनी क्षणभर छातीवर हात ठेवला. मग नवऱ्याकडे वळल्या. "फोन कुणाला लावताय?"

"ताईला. अण्णांना न्यायचंय ना तिकडे."

"आणि हे?" त्यांनी यंत्र उंच धरलं.

"ते अण्णांचंच आहे. त्यांच्याबरोबर जाणार."

"मग कुणीही कुठेही जायचं नाही," सूनबाई म्हणाल्या. "इकडे या तुम्ही. शहामृगाचा डोळा बघा केवढा असतो ते."

"आत्ता शहामृग कुठून काढलंस?" मुलगा कुरकुरत आला, आणि आला तो तिथंच थांबला. "मेंदूपेक्षा मोठा? डोळा? छे, शक्यच नाही. अण्णा, आता दुसरं पान कसं काढायचं?"

अण्णा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि बोटानं बटण दाखवू लागले. मुलाच्या हातातल्या फोनमधून टीव्हीचा कल्ला ऐकू येत होता आणि त्याच्यावरून ओरडत लेक विचारत होती, "हॅलो! अरे, कशाला फोन केलास? कधी आणतोयस अण्णांना?"

मुलानं पडद्यावरची नजर न काढता फोन कानाला लावला.

"ताई, नंतर बोलू गं," तो म्हणाला. "अण्णा कामात आहेत."