कोंबडीवडे आणि टोचलेलं बोट

आमच्या माणिकपूरच्या नर्सिंग होममध्ये वर्षभरात कुणालाही सुई टोचलेली नाही, हे मी लग्नात सांगितलंय, बारशात सांगितलंय, एकदा तर तेराव्याच्या जेवणातही सांगितलंय. मी तिथली ॲडमिन, सुरुची. पेशंटला लावलेली सुई आपल्याला टोचली की त्याच्या रक्तातला आजार आपल्या अंगात शिरू शकतो. कावीळ काय, एचआयव्ही काय. म्हणून दर महिन्याला स्टाफचं ट्रेनिंग मी घेते. आणि त्यातली खास माझी अक्कल म्हणजे बक्षीस! महिनाभर कुणाला सुई टोचली नाही, तर शेवटच्या शनिवारी सगळ्यांना माझ्या हातचे कोंबडीवडे. मी मूळची मालवणची. वड्यांविषयी स्वतःच्या तोंडाने काय सांगू, पण त्या दिवशी आमचे डॉक्टर घरून डबा आणत नाहीत.

त्या शनिवारीही मी वडे तळून, कोंबडीचं पातेलं मांडीवर घेऊन मनवेलपाड्याच्या घरून रिक्षाने आले. ट्रेनिंगला जरा रुबाब हवा म्हणून हुकावरचा कुणाचा तरी पांढरा ॲप्रन चढवला. पेशंटचा हात म्हणून टेबलावर राजेळी केळी मांडली. ती आमचे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर ॲन्सेल्म गास गावातल्या वाडीतून आणतात. आणि मी सुरू केलं. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती तशीच पांढऱ्या डब्यात टाकायची. खिशात तर मुळीच ठेवायची नाही! हे सांगताना खिसा म्हणजे काय ते दाखवायला मी थाटात ॲप्रनच्या खिशात हात घातला.

खिशात सुई होती. टोपण निसटलेली. बोटात अशी गेली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. टोचली तर बोट साबणाने वाहत्या पाण्यात धुवायचं, दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही आणि ताबडतोब सांगायचं, कारण औषध लागलंच तर ते दोन तासांत सुरू झालेलं बरं. हे सगळं मी म्हटलं. बोट तोंडात घालून.

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना मग! पण पॅन्ट्रीतून रश्श्याचा वास येत होता आणि सगळ्यांची नाकं तिकडे लागली होती. माझ्याच बोटापायी सगळ्यांचे वडे बुडवायचे? मी गुपचूप बोट धुतलं आणि त्यावर ग्लोव्ह चढवला. खिशात सुईबरोबर आमच्या सगळ्यात लहान नर्सची, प्रिस्काची, जपमाळ होती, म्हणजे ॲप्रन तिचा. सुई कुणाला लावली होती हे तिलाच ठाऊक, आणि विचारावं तर माझं बिंग फुटणार. मी तिला गाठून अगदी सहज विचारलं, की सकाळपासून कुणाकुणाला इंजेक्शन दिलंस गं? तिला वाटलं, मी तिची चूक पकडलीय. तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "कुणालाच नाही, मॅडम." माझं उरलंसुरलं अवसानही गळालं.

जेवायला बसलो. घरी नवऱ्याला काय सांगायचं, मुलीला जवळ घ्यायचं की नाही, हेच डोक्यात. तेवढ्यात आमच्या हेड नर्स, मटिल्डा सिस्टर, माझ्याकडे बघून थांबल्या.

"सुरुची, कोंबडीवडे कुणी ग्लोव्ह घालून खातं का?"

प्रिस्काने आधी ग्लोव्ह पाहिला, मग माझ्या अंगावरचा आपला ॲप्रन पाहिला आणि ती ढसाढसा रडायला लागली. "मीच टाकली खिशात. घाईत होते. चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची सुई, मॅडम." डॉक्टर हातातला वडा टाकून उठले. माझं रक्त घेतलं, आजोबांना विचारून त्यांचंही घेतलं आणि दोन तास व्हायच्या आत मला औषधाची गोळी दिली. मग त्यांनी विचारलं, एवढा वेळ सांगितलं का नाही? मी पातेल्याकडे पाहिलं.

"मला दिवाळीत टोचली होती," मटिल्डा सिस्टर हळूच म्हणाल्या. "तू एवढी मरमर करून वडे आणतेस. म्हटलं, माझ्यापायी कशाला बुडवायचे?" लॅबमधला जितेश खाली बघत म्हणाला, "मलापण. दोनदा." झाडलोट करणाऱ्या बायजाबाईंनीही हात वर केला. वर्षभर टोचत सगळ्यांनाच होती. सांगायचं नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं, तेसुद्धा कोंबडी खायला घालून! मला इतकं रडू आलं की रस्सा पहिल्यांदाच खारट लागला.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला आणि प्रिस्का मदर मेरीला साकडं घालून बसलो होतो. आजोबांसकट सगळे सुखरूप निघाले. मला आणखी काही तपासण्या कराव्या लागल्या, त्याही चांगल्या आल्या. मग मी नियम उलटा केला. टोचल्याबरोबर जो सांगेल, त्याच्या नावाने वडे.

परवा ॲन्सेल्मना घरी शिंगाळा मासा साफ करताना काटा टोचला. त्यांनी बोट साबणाने वाहत्या पाण्यात धुतलं, दाबलं नाही, तोंडात घातलं नाही आणि ताबडतोब मला फोन केला. आता ह्यात मी खोट कुठे काढू? कोंबडी मसाला लावून ठेवलीय.