यमुताईंचा विस्तवाचा गट

"दुभाष्या लागत नाही मले! विहीणबाईशी मीच बोलीन, अन् इंग्रजीतच बोलीन!"

नागपुरातल्या जरीपटक्याच्या यमुताईंनी असं जाहीर केलं आणि त्यांच्या नवऱ्याचा, केशवरावांचा, चहा बशीऐवजी लुंगीवर सांडला.

त्यांची सून फिओना स्कॉटलंडची. तिची आई मॉइरा पहिल्यांदाच नागपूरला येणार होती. यमुताईंचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी सुरू होऊन तिथेच संपायचं. पण दोघी आया एका घरात मुक्यानं बसणार, हे काही त्यांच्या मनाला पटेना. बायका बोलतात कुठे? स्वयंपाकघरात! मग तिथली क्रियापदं शिकली की झालं!

शेजारच्या अदितीनं शब्दांचे गट पाडून दिले. पाण्याचा गट, सुरीचा गट, विस्तवाचा गट. यमुताई अशा भिडल्या की बोर्डाच्या परीक्षेची पोरं लाजावीत! रस्सा खदखदला की "बॉइल!", आच कमी केली की "सिमर!" कांद्यावर तर "चॉप! चॉप!" अशा गरजत, की दारातला भाजीवाला न विचारताच भाव उतरवायचा.

"अंडं फोडून गरम पाण्यात सोडलं, की 'पोच'," त्या म्हणाल्या.

"पोच? पोस्टाची काय वं?"

"हसा! साठीत शिकून राहिली मी. तुम्ही काय शिकले रिटायर होऊन?"

संध्याकाळी मात्र केशवराव बागेतल्या मित्रांना हेच छाती फुगवून सांगून आले.

मॉइराबाई आल्या. गोड हसायच्या, केळी खायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. यमुताईंचा जीव तुटायचा. एका सकाळी मुलगा अमोल आणि फिओना इतवारीत भांडी घ्यायला गेले, तशी यमुताईंनी पदर खोचला आणि विहिणीला ओट्यापाशी आणलं.

केशवराव नुकतेच बाजारातून आले होते. भरताचं टपोरं वांगं लेकरासारखं छातीशी धरून दारात उभे.

"टुडे वुई रोस्ट!" यमुताईंनी तिकडे बोट दाखवलं. आता वांग्याला काय म्हणतात? नामं तर अदितीनं शिकवलीच नव्हती! "रोस्ट... हिम!"

"हिम?" मॉइराबाईंनी केशवरावांकडे पाहिलं.

"येस! फर्स्ट वॉश. देन प्रिक, प्रिक!" यमुताईंनी सुरी उचलली. "देन रोस्ट, फुल ब्लॅक! देन स्किन! देन मॅश!"

इंग्रजी न कळणाऱ्या केशवरावांनी पाहुणीचा मान म्हणून हसून मान डोलावली. "येस, येस!"

मॉइराबाई पांढऱ्याफटक पडल्या. ऐकू गेलं नसेल म्हणून यमुताईंनी तेच दुप्पट आवाजात सांगितलं!

"नो! ही इज युवर हजबंड!"

मॉइराबाईंनी वांगं हिसकावून ओट्यावर फेकलं, केशवरावांना दंडाला धरून खोलीत ओढलं आणि आतून कडी लावली! मग लेकीला फोन. केशवराव पलंगावर बसून राहिले. त्यांना वाटलं, तिकडची काही रीत असेल.

बाहेर यमुताईंचे डोळे भरून आले. "काय चुकलं माझं? 'रोस्ट' त विस्तवाच्याच गटात होतं!" पण बाई हरणारी नव्हती. तोंडानं नाही जमलं, तर हातानं! त्यांनी वांग्याला तेल चोळलं, टोचे मारले आणि गॅसवर ठेवलं.

खरपूस वास दाराच्या फटीतून आत शिरला. मॉइराबाईंनी हुंगलं. केशवरावांकडे पाहिलं. हे तर कच्चेच! त्यांनी कडी काढली. समोर यमुताई, हातातल्या चिमट्यात काळंठिक्कर वांगं.

"हिम!" यमुताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मॉइराबाई आधी बघतच राहिल्या, मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. उठून त्यांनी बाह्या सावरल्या.

"स्किन?"

"स्किन!"

"मॅश?"

"मॅश!"

अमोल आणि फिओना ऑटोतून धापा टाकत आले, तेव्हा दोघी एकाच ताटात भाकरीशी भरीत चापत होत्या.

त्या दिवसापासून मॉइराबाईंचे मराठी गट सुरू झाले. गुरू अर्थात यमुताई! आठवडाभरात प्रगती इतकी, की दुपारी केशवराव सोफ्यावर लवंडले असताना त्यांच्या पोटावर लसणाचा वाडगा येऊन आदळला.

"काहून झोपून राहिले जी?" मॉइराबाई कडाडल्या. "सोला!"

केशवरावांनी आशेनं बायकोकडे पाहिलं.

"उच्चार पाहा कसा साफ आहे बाईचा!" यमुताई कौतुकानं म्हणाल्या आणि वाडग्यात आणखी दोन गड्डे टाकून गेल्या.