बागेला फेरी मारून शाळा

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार उघडतं. तीन मुलं दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर पडतात, "बाय मम्मा" म्हणतात, तीन मजले उतरतात, सोसायटीच्या बागेला एक फेरी मारतात, पुन्हा तीन मजले चढतात आणि त्याच दाराची बेल वाजवतात. दार उघडते तीच आई. पण आता तिची ओढणी खांद्यावर पिन केलेली असते आणि नाकावर चष्मा असतो.

"गुड मॉर्निंग, मिस."

"गुड मॉर्निंग. चपला लाइनीत लावा."

साडेबाराला हीच मिरवणूक उलट निघते. मुलं मिसला बाय करतात, बागेला फेरी मारतात, बेल वाजवतात आणि बिनचष्म्याची मम्मा दार उघडून विचारते, "काय शिकवलं आज?" धाकट्या नोएलने पहिल्याच आठवड्यात शाळेत भोकाड पसरलं होतं, "मिस, मला मम्माकडे जायचंय." तिने शांतपणे सांगितलं, "मम्मा साडेबाराला येईल." हे मी माझ्या दाराच्या फटीतून पाहिलं आहे. निवृत्त माणसाला दाराची फट फार उपयोगी पडते.

ही फिलोमिना. माहेर वसईचं, सासर जुईनगरचं. टिया दहा वर्षांची, जेडन सातचा, नोएल चारचा. नवरा विल्सन द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात आहे. नोएल होईपर्यंत तीही तिथेच होती. कुठल्या कंटेनरमध्ये कुठला माल कसा बसवायचा याचे नकाशे काढायची. नोकरी सुटली, नकाशे सुटले नाहीत. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं तिने ठरवलं आणि तिघांचं अख्खं वर्ष कंटेनरसारखं भरायला घेतलं.

मी कांबळे सर. चौतीस वर्षं मास्तरकी केलेली, त्यामुळे हे ऐकून माझं डोकं फिरलं. एवढंच नाही, मी समोर जाऊन बोललोही. म्हटलं, "फिलोमिना, माझ्या आजोबांनी महाडकडच्या गावात शाळेच्या ओट्याखाली बसून धुळीत अक्षरं गिरवली. आत घेत नव्हते त्यांना. आमच्या घरात शाळेच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करतात. आणि तू दार सताड उघडं असताना पोरांना घरात ठेवतेस?" तिने सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि बशीतून सुकेळी, वसईकडची वाळवलेली केळी, आणून माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, निरुत्तर केली. सुकेळी मात्र मी सगळी संपवली.

तिचं नियोजन ईस्टर झाला की सुरू होतं. आठ चार्ट पेपर जोडून हॉलच्या भिंतीवर लावायचे, तीन मुलांच्या तीन ओळी आखायच्या आणि चर्चच्या वर्षाप्रमाणे रंगवायच्या. नाताळच्या आधीचा आगमनकाळ आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ जांभळा, सण पांढरे, उरलेलं सगळं वर्ष हिरवं. हिरवा म्हणजे सामान्य काळ. त्यात ना सण ना उपवास, म्हणून जे काही अवघड असेल ते तिथे. भागाकार? "हिरव्यात टाका." नोएलचे दात? "हिरव्यात टाका." आमच्या हिने, सुमनने, एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला, तर फिलोमिना भिंतीकडे बघून म्हणाली, "मावशी, ऑक्टोबर अख्खा हिरवा आहे."

दुसरं तिचं पालुपद गोदामातलं. "माल हलता कामा नये." कंटेनरमध्ये मोकळी जागा राहिली की वाटेत माल हलतो आणि फुटतो, म्हणून तक्त्यात एक चौकोन रिकामा राहिलेला तिला खपत नसे. दोन विषयांमध्ये दहा मिनिटं उरली तर तिथे "बोटं मोडणे" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

या नियोजनात मी कसा शिरलो, ते माझ्या तोंडाने सांगावं लागतंय हे दुर्दैव. तिला मराठीला मास्तर हवा होता. मी म्हटलं, बिचारीला मदत करू, खरं नियोजन कसं असतं ते दाखवू. तिने वर्षाचं टाचण मागितलं. आता टाचण म्हणजे मास्तराने धडा कसा शिकवणार ते आधी लिहून ठेवायचं. नोकरीत मी ते एकदाच मन लावून लिहिलं आणि पुढची सगळी वर्षं तारखा बदलून उतरवलं. तशीच एक जुनी वही माळ्यावरून काढली, धूळ झटकली आणि नाकाने कांदे सोलत तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. पहिल्याच पानावर हिरव्या पेनाने गोल. "सर, पटसंख्या चोपन्न लिहिलीय. आपल्याकडे एकावन्न मुलं कमी पडतायत." पुढे आणखी एक गोल. "शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यांस प्रश्न विचारणे. सर, आपल्याकडे बाक एकच आहे, तो विल्सनचा शू-रॅक आहे." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आमची सुमन आठवडाभर मला "चोपन्न सर" म्हणत होती.

तरी मला घेतलं, कारण त्याच वेळी फिलोमिनाच्या शाळेवर संकट आलं होतं. तिने तक्त्यात नियम घातला होता की संताचा सण असेल त्या दिवशी गणित नाही. तिच्या डोक्यात वर्षाचे आठ-दहा मोठे सण होते. पण पोरं वसईला आजोळी गेली आणि येताना संतांच्या चरित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला निदान एक संत होते, काही दिवशी तर तीन-तीन. हरवलेल्या वस्तू शोधून देणारे, घसा सांभाळणारे, मधमाश्या पाळणाऱ्यांचे. टिया रोज सकाळी त्या दिवसाचं पान उघडून दाखवायची आणि गणिताचं पुस्तक बंद करायची. अकरा दिवस जुईनगरात बेरीज झाली नाही.

शब्द दिलेला, त्यातून संत. मोडायचा कसा? शेवटी तिने पोटनियम काढला. सुट्टी मिळेल, पण त्या संताची गोष्ट मराठीत, न बघता, कांबळे सरांसमोर सांगता आली पाहिजे. चार वाजता माझ्या दारात रांग. पोरांनी त्या वर्षी जेवढं मराठी केलं तेवढं माझ्या चोपन्नांनी कधी केलं नाही. जेडन तर एकदा "आणि मग सिंहाने त्यांना खाल्लं, उद्या सुट्टी" इथपर्यंत दोन मिनिटांत पोचला होता.

गोष्टी संपल्या की टिया उठायची नाही. "सर, तुमच्या शाळेचं सांगा." मग मी काय, सुटलोच. दोनशे पोरं प्रार्थना कशी दोन वेगळ्या चालीत म्हणायची. मधल्या सुट्टीत एका डब्यात पाच हात कसे पडायचे. पेन्सिलीला टोक काढायच्या निमित्ताने दोघी मैत्रिणी कचऱ्याच्या डब्यापाशी दहा मिनिटं कशा गप्पा मारायच्या. निवृत्तीनंतर मला ऐकणारं माणूस मिळालं होतं. घरात सुमनला सगळं पाठ आहे.

यंदा ईस्टर झाला आणि नवे चार्ट पेपर आले. नियोजनाआधी फिलोमिना गोदामासारखं प्रत्येकाकडून मागणीपत्र भरून घेते, पुढच्या वर्षी काय शिकायचंय ते. नोएलने लिहवून घेतलं, "क्रेन". जेडनने लिहिलं, "गणित सोडून". टियाने लिहिलं, "मला रांगेत उभं राहायला शिकायचं आहे."

फिलोमिनाने ही मागणी सरळ घेतली. दुसऱ्या दिवसापासून बाथरूमसमोर रांग, जेवायला रांग, विल्सनसुद्धा रांगेत. चौथ्या दिवशी टिया म्हणाली, "मम्मा, ही रांग नाहीये. मला सगळ्यांची नावं माहीत आहेत."

त्या संध्याकाळी फिलोमिना आमच्याकडे आली. चष्मा होता, म्हणजे मिस म्हणून आली होती.

"सर, हे तुमच्या पिरियडमधून आलंय."

"मी आपला इतिहास सांगत होतो," मी म्हटलं.

"काडी लावली तुमी," सुमन आतून म्हणाली. "आणि आता हात शेकताय."

वर्षभरापूर्वी याच बाईला शाळेचा महिमा ऐकवणारा मी, आता तिची पोरगी शाळेत जायचं म्हणत होती, तर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला चोरी पकडल्यासारखं वाटलं. पुढचे पंधरा दिवस मी समोरच्या दाराची बेल वाजवली नाही. फटीतून मात्र रोज बघत होतो. फेरी सुरू होती, पण टिया आता सगळ्यांच्या मागून चालायची.

मेमध्ये तिनेच बोलावलं. "सर, तक्ता झाला. बघून घ्या."

भिंतीवर नवं वर्ष झळकत होतं. जेडनची ओळ गच्च, नोएलची ओळ गच्च, क्रेनसकट. आणि सगळ्यात वरची, टियाची ओळ, जूनपासून एप्रिलपर्यंत कोरी. जांभळं नाही, पांढरं नाही, हिरवं नाही. मला वाटलं, काम अर्धं राहिलंय.

"अगं, ही रिकामी राहिली. माल हलेल."

"हलू दे," ती म्हणाली. "नेरूळच्या शाळेत पाचवीला अॅडमिशन घेतली. तिचं टाइमटेबल आता ते लोक करतील."

मी अभिनंदन करावं की काय अशा विचारात होतो, तेवढ्यात तिने चष्मा काढून दप्तरांवर ठेवला.

"तुमी पहिल्या दिवशी आजोबांचं सांगितलंत ना, सर, तेव्हा मी काय बोलले नाही. तुमच्या आजोबांना आत जायचं होतं. मला बाहेर यायचं होतं." मग तिने सांगितलं. आई नर्स म्हणून आखातात गेली तेव्हा ही सहा वर्षांची. बोर्डिंगात ठेवली. महिन्यातल्या एका रविवारी घरचे भेटायला येत. गेटवर सिस्टर एकेका मुलीचं नाव पुकारायच्या. वसईहून पप्पा दोन गाड्या बदलून यायचे, म्हणून हिचं नाव शेवटी. "दोन वेळा तर पुकारलंच नाही. पप्पांना रजा नाही भेटली. मी आपली दाराकडे बघत बसले अंधार होईपर्यंत. सिस्टर चांगल्या होत्या, सर. लाडू दिला. पण दार ते दारच ना." ती तक्त्याचा कोपरा उगाच चिकटवत राहिली. "म्हणून मी ठरवलं होतं, माझी पोरं दाराकडे बघत बसणार नाहीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढ्या दिवसांत समोरची बेल लागोपाठ दोनदा वाजलेली मी कधी ऐकली नव्हती; पहिल्याच बेलला दार उघडायचं. चौतीस वर्षं मी शाळेच्या आत उभा होतो. सुटल्यावर गेटपाशी कोण राहिलंय हे मी किती वेळा मागे वळून पाहिलं, ते आठवायचा प्रयत्न केला. फार आठवलं नाही, आणि मला वाईट वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली. एकला सुटणार होती. फिलोमिना बाराला निघाली. सुमनने दोन्ही पोरांना आमच्याकडे घेतलं आणि मला ढकललं, "जा तिच्यासोबत. काडी तुमची."

पाऊण तास आधीच आम्ही गेटवर. एकला वर्ग सुटले. पाचवीची रांग आली, त्यात सातव्या नंबरला टिया. तिने आम्हाला पाहिलं, हसली, पण रांग सोडली नाही. पुढच्या मुलीच्या दप्तरावर हात ठेवून ती गेटपर्यंत तशीच आली. फिलोमिनाने माझा दंड घट्ट धरला होता हे मला रिक्षात बसल्यावर, दंड दुखायला लागला तेव्हा कळलं.

सोसायटीच्या फाटकात रिक्षातून उतरलो. टिया म्हणाली, "मम्मा, तू वर जा."

"का गं?"

"मला फेरी मारायचीय."

फिलोमिना जिन्याकडे जवळजवळ पळालीच. टियाने दप्तर पाठीला नीट लावलं आणि बागेच्या कडेने चालायला लागली, अगदी सावकाश. मी बाकावर बसून होतो. फेरी पूर्ण करून ती माझ्यासमोर थांबली आणि वर तिसऱ्या मजल्याकडे बघितलं.

"सर, आता पोचली असेल ना?"

"थोडं थांब," मी म्हटलं. "तिचेही गुडघे आहेत, यंत्र नाही."

ती थांबली. ओठ हलवत वीसपर्यंत मोजले. मग जिना चढली.

खालून मला बेल ऐकू आली. एकदाच वाजली.