निव्वळ साखर

भोरच्या डॉक्टर सुलक्षणाबाईंनी अन्वरभाईंना साखरेवरची गोळी लिहून दिली, त्याला आता आठवडा झाला होता. गोळ्यांचं पाकीट अजून शर्टाच्या वरच्या खिशात बसून होतं. त्यांची बायको मासूमा रोज शर्ट धुवायला घेताना ते काढी, सगळ्या गोळ्या जागच्या जागी आहेत हे बघे, दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवी आणि काही न बोलता भाकरी थापायला बसे. तिचं हे न बोलणं अन्वरभाईंना डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जड जाई. पण ते मागे हटायला तयार नव्हते. गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं ते मात्र आठवत नव्हतं.

तसं मागे न हटणं हा त्यांचा धंदाच होता. शिवऱ्याला हमरस्त्याच्या कडेला त्यांचा वजनकाटा होता. रस्ता चौपदरी व्हायचं काम जोरात चालू होतं, त्यामुळे खडीच्या गाड्यांची रीघ लागलेली असे. गाडी आधी रिकामी काट्यावर चढायची, मग क्रशरवरून खडी भरून पुन्हा चढायची. भरल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरेल ती निव्वळ खडी, आणि पैसे तेवढ्याचेच. अन्वरभाईंनी वीस वर्षं हेच केलं होतं. गावातल्या लग्नात जेवायला बसले तरी आधी समोरच्या पाहुण्याकडे बघून हा रिकामा किती भरेल याचा अंदाज घ्यायचे.

मागच्याच महिन्यात त्यांनी गुंजवण्याच्या गेनबाला पकडलं होतं. गेनबाचा रिकामा टेम्पो नेहमीपेक्षा जड भरला. अन्वरभाईंनी बाहेर येऊन ताडपत्री उचलली, तर खाली पाण्याचे भरलेले कॅन निघाले. रिकामी गाडी जड दाखवायची, वाटेत पाणी ओतून द्यायचं आणि खडी भरून आणायची, म्हणजे निव्वळ वजन आपोआप कमी येतं.

"रिकामी म्हंजी रिकामी, गेनबा," अन्वरभाई म्हणाले. "काट्याशी लबाडी करनाऱ्याला हितं जागा न्हाई."

तेव्हापासून बिचारा गेनबा वजन करायला पार किकवीपर्यंत जात होता, आणि जाताना काट्यासमोर आला की टेम्पोचा वेग वाढवत होता.

तर अशा माणसाला डॉक्टरबाईंनी गोळीबरोबर रक्तातली साखर मोजायचं मीटर घ्यायला सांगितलं. सकाळी उपाशीपोटी एकदा मोजायची आणि जेवल्यावर दोन तासांनी एकदा. उपाशीपोटीची सव्वाशेच्या आत हवी, जेवणानंतरची एकशे ऐंशीच्या. दवाखान्यात अन्वरभाईंना आवडलेली ही एकमेव गोष्ट. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे डॉक्टरबाईंनाही पटतं म्हणजे बाई तशी हुशार दिसते, असं त्यांनी मासूमाला एसटीत सांगितलं.

मीटर घ्यायला ते पुन्हा भोरला गेले. स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात तीन जातींची मीटरं होती. दुकानदाराने एक पुढे केलं. अन्वरभाईंनी तिन्ही मागितली, तीन बोटं पुढे केली आणि तिन्हींवर रक्त मोजायला लावलं. एकाने दोनशे एकोणीस दाखवली, दुसऱ्याने दोनशे एकतीस, तिसऱ्याने दोनशे अठ्ठेचाळीस.

"एका गाडीची तीन वजनं कशी?" त्यांनी विचारलं.

थोडा फरक पडायचाच, ते रक्त आहे, खडी नव्हे, असं दुकानदाराने समजावून सांगितलं. अन्वरभाईंना ते पटलं नाही, पण मीटर तर हवं होतं. बोटं चोखत त्यांनी बराच वेळ विचार केला. कमी दाखवणारं मीटर गिऱ्हाइकाला खूश ठेवतं. जास्त दाखवणारं डॉक्टरला खूश ठेवतं. मधलं कुणाचंच नाही, म्हणजे तेच प्रामाणिक. त्यांनी मधलं मीटर घेतलं आणि काट्यावरच्या खोलीत, पावतीपुस्तकाच्या शेजारी, स्वच्छ फडकं अंथरून त्यावर मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याशेजारचा हॉटेलवाला मानसिंग नेहमीप्रमाणे चहा घेऊन आला. मानसिंगच्या हातचा तो पहिला चहा घेतल्याशिवाय अन्वरभाई काट्याचं कुलूप उघडत नसत. चहात तीन चमचे साखर आणि सोबत दोन खाऱ्या. भाकरीचा तुकडा पोटात गेलेला नाही म्हणजे माणूस उपाशीच, याविषयी त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती. चहा-खारी झाल्यावर जरा वेळाने त्यांनी बोट टोचलं. एकशे शहाण्णव. दुपारी जेवून दोन तास झाल्यावर पुन्हा टोचलं. दोनशे बासष्ट. आकडे बघून मानसिंगचा चेहरा पडला. त्याला स्वतःला चार वर्षांपासून साखर होती आणि तो गोळ्या खात होता, त्यामुळे त्याला या आकड्यांतलं कळत होतं.

अन्वरभाईंना मात्र आकड्यांतलं त्याहून जास्त कळत होतं. त्यांनी पेन काढलं.

"भरलेली दोनशे बासष्ट," ते म्हणाले. "रिकामी एकशे शहाण्णव. निव्वळ सहासष्ट. बाई म्हनल्या हुत्या एकशे ऐंशीच्या आत पायजे. ही तर निम्म्याच्या बी आत हाय."

मानसिंग गोंधळला. "मग ती रिकामी एकशे शहाण्णव कुनाची?"

"ती गाडीची. गाडीचं वजन कुनी मालात धरतं का?"

मानसिंगने वीस वर्षं समोर गाड्यांचं वजन होताना बघितलं होतं. त्याला बोट ठेवायला जागा सापडेना. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचंही बोट पुढे केलं, आणि त्याची निव्वळ साखर अठ्ठावन्न निघाली. आपण चार वर्षं उगाच गोळ्या गिळल्या याचं त्याला फार वाईट वाटलं. संध्याकाळी त्याने गोळ्यांचा डबा जिलेबीच्या परातीमागे फळीवर टाकून दिला.

सगळं इथं थांबलं असतं तरी बरं होतं. पण अन्वरभाई रोज मोजत होते आणि रोज वजा करत होते. एके दिवशी मानसिंगने खारी ताजी आली म्हणून दोनाच्या चार दिल्या. त्या दिवशी सकाळची साखर दोनशे बारा भरली. दुपारी मासूमाने नेमकी नाचणीची भाकरी आणि मेथीची भाजी दिली होती, वर दोन गाड्यांच्या भांडणात अन्वरभाईंची बरीच धावपळ झाली, आणि दुपारचा आकडा आला दोनशे एक. त्यांनी वजा केलं, पुन्हा केलं, आणि पेन खाली ठेवलं. वीस वर्षांत त्यांच्या काट्यावर भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा हलकी कधीच भरली नव्हती.

"उणे अकरा," ते मानसिंगला हळूच म्हणाले.

"उनी साखर? म्हंजी अंगात खड्डा पडला की."

खड्डा पडला तर तो भरायला हवा, यात दोघांचंही एकमत झालं. मानसिंगने गरम जिलेबी आणली. अकराचा खड्डा किती जिलेब्यांनी भरतो याचा हिशेब दोघांपैकी कुणालाच येत नव्हता, म्हणून त्यांनी जरा हात सढळ ठेवला. खड्डा मानसिंगला नव्हता, पण सोबत म्हणून त्यानेही खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा, खारी आणि उणे साखर, आणि खड्डा पुन्हा उघडा. असे चार-पाच दिवस गेले. अन्वरभाईंना सारखी तहान लागू लागली, काट्यावर गाडी ठेवून त्यांना मागच्या बाभळीकडे धावावं लागू लागलं, आणि पावतीवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले. चष्म्याची काच खराब झाली असणार म्हणून त्यांनी ती लुंगीने पुसली. बल्ब मंद झाला असणार म्हणून बल्ब बदलला.

आणि मग क्रशरचा मुकादम पावती हातात घेऊन आला. अन्वरभाईंनी एका गाडीच्या वजनात तीनचा आठ लिहिला होता. गाडी बिचारी हलकी, पावती भलतीच भारी. मुकादम चांगला माणूस होता, तो भांडला नाही. नजरचुकीनं झालं असेल, असं म्हणून त्याने पावती बदलून घेतली आणि गेला. पण अन्वरभाई खुर्चीत बसून राहिले. शिवऱ्याचा काटा खोटं बोलत नाही, असं घाटापलीकडचे ड्रायव्हरसुद्धा म्हणत. तेवढीच त्यांची कमाई होती. ती आज त्यांच्याच हातून सांडली, आणि त्यांना फार भीती वाटली.

त्याच दिवशी दुपारी मानसिंगची बायको फुलाबाई धुळीने भरलेला गोळ्यांचा डबा घेऊन मासूमाकडे गेली. मानसिंगला घेरी येऊन तो कढईवर पडता पडता वाचला होता. तुमच्या मालकांनी वजाबाकी करून आमच्या मालकांच्या गोळ्या बंद केल्या, असं तिने सांगितलं. मासूमाने हातातलं पीठ झटकलं, डोक्यावर पदर घेतला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती काट्यावर आली. मागे फुलाबाई होती आणि तिच्या मागे, तिने दंडाला धरून आणलेला, मानसिंग.

अन्वरभाईंना वाटलं, आता ही ओरडणार. पण ती समोरच्या बाकावर शांत बसली.

"बिलालचे अब्बा, ती वजाबाकी मला बी समजून सांगा."

कुणी काट्याबद्दल विचारलं की अन्वरभाईंना राहवत नसे. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रिकामी गाडी, भरलेली गाडी, निव्वळ माल. मासूमा मान हलवत ऐकत होती.

"मग तुमची रिकामी गाडी किती भरती?"

"दोनशे बारा."

"आन खरंच रिकामी असंल तर किती भराया पायजे, म्हनल्या डॉक्टरीनबाई?"

"सव्वाशेच्या आत."

"मग रिकाम्या गाडीत वरचं काय हाय?"

बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"ताडपत्री उचला," मासूमा म्हणाली.

अन्वरभाई हळूच म्हणाले, "च्या."

"आन?"

"खारी."

"किती?"

"आदी दोन. मग चार."

फुलाबाईने मानसिंगकडे बघितलं. मानसिंग पंख्याकडे बघू लागला. आणि मग मासूमा बाकावरून उठली. त्या मुकादमाची गोष्ट तिच्या कानावर आली होती, रात्री सारखं उठणं तिला दिसत होतं, आणि खिशातली गोळी तर तिने रोज हाताने चाचपली होती.

"तुमी रोज निव्वळ मोजा, न्हाईतर उनं मोजा," ती म्हणाली. "मला निव्वळ नगं. मला आख्खी गाडी पायजे. चालती, लई दीस चालनारी."

अन्वरभाईंनी खिशातलं पाकीट काढलं. आज मासूमाला ते मोजावं लागणार नव्हतं. समोरच्या माठातलं पाणी तिनेच ओतून दिलं. गोळी गिळताना त्यांचा चेहरा इतका ओशाळा झाला होता, की मानसिंगने न सांगता आपला डबा फुलाबाईच्या हातातून घेतला. आधी बाईंना विचारून घ्या, मग खा, असं म्हणून तिने तो परत काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्या एसटीने भोरला नेलं. अन्वरभाईही त्याच एसटीत होते. डॉक्टरबाईंनी त्या निव्वळ साखरेची सगळी हकीकत ऐकून घेतली, मध्ये दोनदा चष्मा काढून डोळे पुसले आणि मग दोघांनाही चांगलं अर्धा तास झापलं.

आता सकाळचा पहिला चहा मोजल्यानंतरच येतो, आणि तोही बिनसाखरेचा. खऱ्या रिकाम्या गाडीचं वजनही पहिल्या दिवशी एकशे बहात्तर भरलं. म्हणजे चहा-खारी काढूनसुद्धा आत माल होताच. आता तो हळूहळू उतरतोय. मीटर मात्र काट्यावरून घरी आलंय. मासूमा आधी अन्वरभाईंना जवळ बोलावून चहाचा वास येतो का बघते, मगच बोट टोचू देते.

महिन्याभराने गेनबाचा टेम्पो काट्यासमोरून नेहमीसारखा जोरात निघाला होता. अन्वरभाई रस्त्यावर आले आणि त्यांनी हात केला. गेनबा घाबरत घाबरत काट्यावर चढला, खाली उतरला आणि न सांगता ताडपत्री उचलून उभा राहिला. हौदा स्वच्छ रिकामा होता. अन्वरभाईंनी तरीही चाकाला वळसा घालून चारी बाजूंनी बघितलं, मग आत जाऊन वजन केलं आणि पावती लिहिली.

"मला माफ केलं म्हना की, अन्वरभाई," गेनबा पावती घेत म्हणाला.

"माफ कसलं? आता तू हितनं रोज जायाचं, आन रोज ताडपत्री उचलायची."

"रोज?"

"रोज," अन्वरभाई म्हणाले. "मला बी रोजच उचलावी लागती."