अण्णा हवा खायला निघतात

आमच्या गल्लीतला एक पोरगा सौदीला नोकरीला गेला, तेव्हा चार घरांचा निरोप घेऊन गुपचूप निघून गेला. आमचे अण्णा मात्र सिरसाळ्याहून जवळच्या दिंद्रुडला जायचं असलं तरी साऱ्या गल्लीचा निरोप घेतात. फाल्गुन लागला, की एका सकाळी पांढरं धोतर नेसून, नवी टोपी घालून ते दारोदार उभे राहतात. "येतो बरं का. आमी हवा खायला निघालोत. गल्लीकडं ध्यान ठिवा." म्हाताऱ्यांच्या पाया पडतात, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतात. पहिल्या वर्षी समोरच्या आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अण्णा परत आलेले बघून त्या रागानं दार लावून बसल्या.

अण्णा माझे शेजारी. मी घरी शिलाईकाम करते. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. अण्णा आणि कौसाकाकू, दोघांची उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली. दसरा झाला की गाव सोडायचं, पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचं, अन् मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजला जायचा. पुढं मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. अण्णांनी मिनी टेम्पो घेऊन बाजाराचा माल वाहिला, घर बांधलं. टेम्पो थकला तेव्हा आम्हाला वाटलं, आता विकतील. अण्णांनी त्याच्यावर पत्र्याची खोली चढवली. आत पलंग, कोपऱ्यात गॅस, दोन बाजूंना दोन खिडक्या.

खिडक्यांचं माप त्यांनी मला हातानंच दिलं. "दोन ईत आन् वर चार बोटं. पडदे फुलाफुलाचे शिव. तुज्या काकूला फुलं आवडत्यात."

"काकूंना विचारलंत का?"

"इचारलं की ती न्हाईच म्हनती. म्हनून इचारतच न्हाई म्या."

त्यांच्या पहिल्या सहलीची गोष्ट काकू स्वतःच हसत हसत सांगतात. अण्णांनी गाडी एका भुईमुगाच्या रानाकडेला, कडुलिंबाखाली लावली, बाज टाकली आणि डोळे मिटले. उघडले तर काकू गायब. बघतात तो काय, त्या लोकाच्या रानात खुरपत बसलेल्या. अर्धी पात उरकली होती. अण्णा बांधावरून ओरडले, "कौसे, ठिव ते खुरपं! आपुन सहलीला आलोत!"

"रिकामं बसून हात दुखायलेत माझे," काकू म्हणाल्या.

शेतकरी मात्र खूश. "काका, उद्या बी या की हवा खायला," म्हणाला. तेव्हापासून अण्णा गाडी शेताजवळ लावतच नाहीत. माळ बघतात, नाहीतर नदीकाठ. निघण्याआधी काकूंच्या पिशवीत विळा-खुरपं नाही ना, हेसुद्धा तपासतात.

दिंद्रुडला एकदा वेगळीच गंमत झाली. निवडणुकीचे दिवस होते. असली रंगवलेली, पडदे लावलेली गाडी बघून लोकांना वाटलं प्रचाराची आहे. चार पोरं पुढं येऊन म्हणाली, "कोन उभंय बे ह्या गाडीतून?"

अण्णा खिडकीतून शांतपणे म्हणाले, "ह्या गाडीत माजी बायको हाय. आन् ती उभी न्हाई, बसलीय."

गेल्या वर्षी मात्र अण्णा दोनदा रस्त्याकडेच्या दगडांना गाडी घासून आले. डोळे तपासले, तर काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मुलगा पुण्याहून आला. वाईट बोलला नाही तो; काळजीनंच म्हणाला, "अण्णा, विकून टाकू गाडी. फिरायचं तर माझ्याकडं या, बागेत नेतो." त्या फाल्गुनात कुणाच्या दारात पांढरं धोतर दिसलं नाही. समोरच्या आजींनीच मला विचारलं, "अगं, ते येडं काहून गेलं न्हाई औंदा?"

मुलगा गिऱ्हाईक बघायला लागला. गिऱ्हाईक दारात आलंसुद्धा. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गाडी इकायची न्हाई. म्या चालवनार हाय."

मुलगा हसला. गिऱ्हाईक हसलं. खरं सांगायचं तर भिंतीपलीकडून मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून बाजारतळावर शिकवणी सुरू झाली. बाजार नसला की तिथं शेळ्यांशिवाय कुणी नसतं. अण्णा शेजारी बसून "क्लच! आगं क्लच!" असं ओरडत. काकूंनी गाडी थांबवली. "वरडू नका. उसानं भरलेली बैलगाडी उतारावरून उतरवलीय म्या. हिला तर ब्रेक हाय."

लायसनच्या परीक्षेत त्या पहिल्यांदा नापास झाल्या. गाडी मागं घ्या म्हटल्यावर त्यांनी साहेबांनाच मागं सरकायला सांगितलं. दुसऱ्यांदा पास झाल्या. अण्णांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं, "आमच्या घरात डायवर दोन हायत. त्यातला एक आता रिटायर हाय."

यंदा फाल्गुनात ते पुन्हा निरोप घ्यायला आले, तेव्हा मी म्हटलं, माझी बहीण नांदूरघाटला असते, मलाही न्या. मी मागं पलंगावर बसले, अण्णा काकूंच्या शेजारी.

धारूरच्या घाटात एका वळणावर समोरून भरलेला ट्रक आला. काकूंना थांबावं लागलं. पुन्हा निघताना गाडी मागं घसरली. अण्णांनी ओरडायला तोंड उघडलं आणि काकूंकडं बघून तसंच मिटून घेतलं. काकूंनी हातब्रेक ओढला, गाडी सावरली, दातांत पदर धरला आणि सावकाश, अजिबात झटका न देता तिला वळणावरून वर काढलं. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मावशी, एक लंबर!"

वर चहाच्या टपरीवर अण्णा अनोळखी माणसांना सांगत सुटले. "ही माजी मंडळी. आत्ता घाट चढवून आणला हिनं. म्या निसता बसलो व्हतो." एवढ्या अभिमानानं रिकामं बसलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. काकू म्हणाल्या, "बास करा, च्या निवला." पण पुन्हा गाडीत चढताना त्यांनी साडीच्या निऱ्या जरा ऐटीत झटकल्या.

दुपारी नांदूरघाटच्या अलीकडं माळावर गाडी लावली. पळस नुसता पेटला होता. पिठलं-भाकरी झाली. काकू आत जाऊन आडव्या झाल्या आणि बघता बघता गाढ झोपल्या. अण्णा गाडीच्या दारात, पायरीवर बसले. मी बहिणीकडं निघायचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग हळूच म्हणाले, "पोरी, घरी ही दिवसा कदी आडवी व्हती का?"

मी आठवून पाहिलं. भिंत एक असूनही मला तसं कधी दिसलं नव्हतं.

"कोपीत असताना म्या पडलो की ही भांडी घासायची. म्या उठायच्या आदी हिच्या भाकरी झालेल्या असायच्या. निम्मी जिंदगी गेली, म्या हिला झोपल्याली बगितलीच न्हाई. ह्या गाडीत पयल्यांदा बगितली. लेकरावानी तोंड उगडं टाकून झोपती." ते स्वतःशीच हसले. "हवा काय, गल्लीत बी हाय. ह्याच्यासाटी येतो म्या."

मी त्यांच्या डोळ्यांचं विचारलं.

"डाक्टर म्हनले, बाजूचं दिसायचं कमी व्हईल, समुरचं दिसंल." त्यांनी मान आत वळवली. "मंग समुर कोन ठिवायचं, ते आपल्या हातात हाय की."

ऊन कलून दारातून आत आलं आणि काकूंच्या तोंडावर पडलं. अण्णा आत तोंड करून पायरीवरच जरा डावीकडं सरकले. त्यांची सावली काकूंच्या चेहऱ्यावर बसली. ऊन त्यांच्या पाठीला भाजत होतं, सदरा घामानं चिकटला होता. काकूंना जाग येईपर्यंत अण्णा तिथून हलले नाहीत.