पिंप्राळ्याची दमट हवा

मी एकदा ठरवलं की ठरवलं! उन्हाळ्याच्या सुट्टीत ओपन सोर्स डिव्हाइस ड्रायव्हरचा प्रकल्प करायचा, म्हणजे करायचाच. यंत्राचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगतो तो ड्रायव्हर, आणि ओपन सोर्स म्हणजे तो जगातल्या कोणीही उघडून बघावा, सुधारावा. त्यासाठी आधी प्रकल्प चालवणाऱ्या परदेशी संस्थेकडून निवड व्हावी लागते. ती झाली नाही तर काय, हे मात्र वडिलांनी ठरवलं होतं.

"झाली तर बस तुझ्या कॉम्प्युटरपुढे," नाना म्हणाले. "नाही झाली तर धुळ्याला रतिलालमामाच्या दुकानात. दोन महिने कूलरला गवत भरायचं!"

संस्थेच्या यादीत बारा प्रकल्प होते. माझ्या वर्गातल्या रूहीने टचपॅडचा एक बारकासा प्रकल्प उचलला आणि मला म्हणाली, "तेजस, झेपेल ते घे."

"झेपेल ते काय, कोणीही घेतं!" असं म्हणून मी ग्राफिक्स कार्ड निवडलं. सहा तास त्याचं कोड वाचलं. पहिलं पान तेवढं नीट कळलं. त्यावर लिहिणाऱ्यांची नावं होती!

मग मी शिस्तीत माघार घेतली आणि तापमान व हवेतला ओलावा मोजणारा सेन्सर निवडला. कारण शुद्ध शास्त्रीय होतं. बारापैकी तेवढी एकच वस्तू माझ्या खणात होती.

निवडीची अट अशी, की तीन दिवसांचे आकडे पाठवायचे आणि रविवारपर्यंत ड्रायव्हरमधली एक तरी चूक दुरुस्त करून दाखवायची. मी सेन्सर वाऱ्याने उडू नये म्हणून विटेला बांधला, वीट गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवली, लांबलचक वायर खिडकीतून खाली घेतली आणि लॅपटॉपसमोर मांडी ठोकली.

पहिल्या दुपारी आकडा आला शेहेचाळीस अंश. आमच्या मार्गदर्शक बाई नॉर्वेच्या. त्यांचं लगेच उत्तर, "तापमान चुकीचं दिसतं."

"बाई, हे सावलीतलं आहे!" मी ठणकावून कळवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीच आकडा तीनदा वाचला. ओलावा सत्त्याण्णव टक्के! एप्रिलमध्ये! जळगावच्या पिंप्राळ्यात! इथे ओला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत त्याचा पापड होतो!

"तुम्ही समुद्रकिनारी राहता का?" बाईंनी विचारलं.

तिसऱ्या सकाळीही तेच. मी आनंदाने उडालो. सापडली चूक! ड्रायव्हर गणितात कच्चा होता!

रूहीला फोन केला. ती म्हणाली, "वर जाऊन बघितलंस का?"

"रूही, दोष कोडमध्ये असतो, गच्चीवर नसतो!"

वर न जाण्याचं खरं कारण वेगळंच होतं. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर जो जाईल, त्याच्या हातात आई काठी देते आणि वाळवणावरचे कावळे हाकायला बसवते. मला जगाचं सॉफ्टवेअर सुधारायचं होतं!

रविवारी मी दुरुस्ती पाठवली. ओलावा ऐंशीच्या वर गेला की त्यातून सरळ सत्तर वजा! आकडे कसे अगदी जळगावी दिसायला लागले. मग सेन्सर आणायला ऐटीत गच्चीवर गेलो.

टाकीच्या सावलीत वीट नव्हती!

गच्चीभर ओली लुगडी अंथरलेली आणि त्यांवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमचे खानदेशी पापड. आई आणि शेजारच्या कमलबाई वाफाळत्या घाटाचे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे, गोळे ओल्या हातांनी थापत होत्या.

"आई, माझी वीट?"

आई माहेरची धुळ्याची. हात घाटात असले की अहिराणीतच बोलते. "आठेच शे ना! लुगडं वारामां उडी ऱ्हायनं व्हतं. तुनी वीट कामले उनी."

लुगड्याचं टोक विटेवर दोन वेढे घेऊन बसलं होतं. आत, ओल्याचिंब कापडात गुंडाळलेला, माझा सेन्सर!

"कधीपासून?"

"तीन दिनपासून. बठ्ठी गल्लीन्या बिबड्या आपलाच गच्चीवर शेतस."

सगळ्या गल्लीचं वाळवण आमच्याच गच्चीवर! म्हणजे ड्रायव्हर खरं बोलत होता आणि त्याला खोटं बोलायला मी शिकवलं होतं! डोळ्यांपुढे मामांचं दुकान आणि कूलरचं गवत नाचू लागलं. अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. पण गप्प बसलो असतो, तर ती खोटी वजाबाकी जगभर गेली असती. लुगड्याचा, विटेचा, बिबड्यांचा फोटो काढला आणि बाईंना सगळं खरंखरं लिहून टाकलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. "तुमची दुरुस्ती कृपया काढून टाका. जुना ड्रायव्हर अचूक आहे. मात्र तीन दिवस ओल्या कापडात राहूनही सेन्सर बरोबर आकडे देतो, हे आजवर कोणी तपासलं नव्हतं. तुमची निवड झाली आहे."

मी नानांना घरभर ओढत नेऊन लॅपटॉप दाखवला. मामा वाचले! म्हणजे मी वाचलो!

"काम काय दिलंय?" नानांनी चष्मा पुसत विचारलं.

मी पुढची ओळ जरा हळूच वाचली. सेन्सर कुठे ठेवू नये, याचं सविस्तर, सचित्र पान लिहायचं होतं. या विषयातला एवढा अनुभव त्यांच्याकडे दुसऱ्या कोणालाच नव्हता म्हणे.

फोटोंसाठी आता मी रोज सकाळी गच्चीवरच बसलेला असतो. कालच आईने शेजारी काठी आणून ठेवली.

"आते बठेलच शे ना आठे," ती म्हणाली, "मंग कावळा बी हाक!"