वाघोलीला जाण्यासाठी योग्य यंत्राची निवड

माणूस कुठे पोहोचतो याला फारसं महत्त्व नाही. कोणते निकष लावून निघतो, यावर त्याची योग्यता ठरते. पोहोचायला काय, कुणीही पोहोचतं. नवी पेठेतले श्री. यज्ञेश्वर देवस्थळी यांनी हे तत्त्व खडकीच्या एका सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात, चौतीस वर्षं पाळलं आणि निवृत्तीनंतरही त्यात खंड पडू दिला नाही. त्यामुळे वाघोलीला मुलीकडे मोटारसायकलने जायचं, तर आधी हँडलवर बसवायला योग्य ते जीपीएस यंत्र निवडायला हवं, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. अवनीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, तेव्हा चौथा महिना होता. पाच महिने हातात होते आणि अंतर वीस किलोमीटर.

जावई आमोद हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. (वाघोली ते हिंजवडी, म्हणजे हा मुलगा रोज सगळं पुणे आडवं कापून जातो आणि कापून येतो. त्याला रस्ता विचारावा, असं यज्ञेश्वररावांच्या मनातही आलं नाही. जावयाला रस्ता विचारायचा म्हणजे मग उरलं काय?) त्याने आपणहून लोकेशन पाठवलं. "बाबा, यावर नुसतं बोट ठेवा. डायरेक्ट गेटपर्यंत आणून सोडेल."

"फोन हँडलला लावून फिरतात ते लोकांच्या घरी जेवण पोचवतात," यज्ञेश्वरराव म्हणाले. "मी बाप म्हणून येणार आहे."

सातव्या महिन्यात सुहासिनीबाई बॅग भरून लेकीकडे निघाल्या. "अहो, चला की माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "यंत्र ठरलं की येतो," हे म्हणाले. बाई बसने गेल्या. त्यांनी कंडक्टरला विचारलं, उतरल्यावर एका भाजीवालीला विचारलं आणि दीड तासात पोहोचल्या. (या पद्धतीला कोणताही तांत्रिक आधार नाही.)

इकडे निवडीचं काम शास्त्रशुद्ध चालू होतं. यज्ञेश्वररावांनी एकूण शंभर गुणांचा तक्ता आखला. आवाजातली अदब वीस गुण, उच्चार पंधरा, नळाखाली धरल्यास तग धरणं पंधरा, हातमोजे घालून बटण दाबता येणं दहा, इतर बाबी पस्तीस, आणि इच्छित स्थळी पोहोचवणं पाच. पाच गुणसुद्धा उदार मनाने दिलेले होते, कारण पोहोचणं हे सिग्नल, खड्डे आणि पोलिसांवर अवलंबून असतं, त्याचं श्रेय यंत्राला का द्यायचं?

चाचणीसाठी रस्ता कोणता घ्यावा, हा प्रश्न होता. अनोळखी रस्त्यावर यंत्र चुकलं तर ते चुकलं हे कळणार कसं? म्हणून त्यांनी स्वतःला तोंडपाठ असलेला रस्ता घेतला. घर ते कारखान्याचं गेट. एकूण झालेल्या चौसष्ट चाचण्यांपैकी चौसष्ट याच रस्त्यावर झाल्या.

पहिलं यंत्र "उजवीकडे वळ" म्हणालं. वळ! अहो नाही, जाहो नाही, ओळख ना पाळख. ते त्याच दिवशी बाद झालं. दुसऱ्याने त्यांना एका उड्डाणपुलावरून नेलं. या पुलाच्या विरोधात यज्ञेश्वररावांनी वर्तमानपत्राला चार पत्रं लिहिलेली होती, पैकी एक छापून आलेलं होतं. यंत्राला याची काहीच कल्पना नव्हती. तिसऱ्याने वाकडेवाडीजवळच्या एका बोळातून बरोबर बाहेर काढलं. तो बोळ त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्वतः शोधला होता आणि सख्ख्या मेव्हण्यालाही सांगितला नव्हता. (शेरा: गोपनीयतेचा भंग.) चौथं यंत्र सोळा चाचण्यांत एकदाही चुकलं नाही. इतका आगाऊपणा बरा नव्हे, म्हणून तेही परत गेलं.

परत जायचं ते नाना पेठेत, बद्रीनाथच्या दुकानात. हा बद्रीनाथ मोटारसायकलचं सगळं सामान विकायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं बोलायचा. चौथं यंत्र काउंटरवर आलं तेव्हा त्याने हात टेकले.

"काका, वाघोलीलाच जायचंय ना? नगर रस्ता धरा आणि पाट्यांवर वाघोली दिसायला लागलं की गाडी थांबवा."

"पाट्या बाहेरगावच्या लोकांसाठी असतात," यज्ञेश्वरराव म्हणाले.

बद्रीनाथने आतून पाचवं यंत्र काढलं. हे म्हणे चालवणाऱ्याच्या सवयी शिकतं आणि हळूहळू त्याच्याच मताचं होतं. यज्ञेश्वररावांनी घासाघीस न करता ते घेतलं.

याच सुमारास नात झाली. सुहासिनीबाईंनी फोटो पाठवले. यज्ञेश्वररावांनी ते मोठे करून करून पाहिले आणि फोन केला, "तिच्यामागे खिडकीत रस्ता दिसतोय तो कुठला?" बाई म्हणाल्या, "सव्वा महिन्याने बारसं आहे. रविवारी, बारा वाजता. नाव तिच्या आत्याने गुपित ठेवलंय. बाळाचे डोळे तुमच्यावर गेलेत. अवनी रोज विचारते, बाबा कधी येणार." हे ऐकून यज्ञेश्वररावांना भरून आलं, नाही असं नाही. त्यांनी त्याच दिवशी चाचण्या दुप्पट केल्या.

पाचव्या यंत्राला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. आधी ते थोडं उलट बोलायचं. मग ते शिकलं. यज्ञेश्वरराव वळायच्या बेतात असले की ते म्हणायचं, "कृपया आपण इथे वळावं." नऊ महिन्यांची मेहनत नसली, तरी सहा-सात महिन्यांची सार्थकी लागली होती.

रविवारी सकाळी साडेदहाला ते निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशात चांदीच्या वाळ्यांची डबी. यंत्रात वाघोलीचा पत्ता भरला. यंत्राने अदबीने विचारलं, "आपल्या नेहमीच्या मार्गाने जायचं का?" यज्ञेश्वररावांनी होय म्हटलं. त्यांना सगळ्या बाबतींत नेहमीचंच आवडायचं.

संचेती चौकात डोक्यावर हातभर अक्षरांत नगर रस्त्याची पाटी होती आणि बाण संगम पुलाकडे होता. यंत्र म्हणालं, सरळ. यज्ञेश्वररावांचा हातही सरळच होता. वाकडेवाडी गेली. तो बोळ आला, त्यातून ते निघाले. पुढे खडकी स्टेशन दिसलं तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली खरी, पण त्यांचं आणि यंत्राचं पूर्ण एकमत होतं, आणि दोन जाणकारांचं एकमत असताना तिसऱ्याला विचारायची पद्धत नाही.

कारखान्याच्या गेटसमोर यंत्र म्हणालं, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

गेटवरचा सुदर्शन त्यांना ओळखायचा. तो सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, आज इकडं कुठं?"

"नातीच्या बारशाला."

सुदर्शनने एकदा बंद गेटकडे बघितलं, एकदा साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे. "कुठं हाय बारसं?"

"वाघोलीला."

"मग अजून वेळ हाय साहेब. होळकर पुलावरून येरवडा गाठा, फुडं नगर रस्ता. पाऊण तासात पोचाल."

घड्याळात अकरा वाजायला पाच मिनिटं होती. यज्ञेश्वररावांचा हात खिशातल्या डबीवर गेला. किक मारावी आणि सुटावं, असं त्यांना एकदा वाटलं, अगदी वाटलं. पण अर्धा रस्ता यंत्राचा आणि अर्धा सुदर्शनचा, अशा प्रवासाचे गुण कुणाला द्यायचे? अशाने सात महिन्यांचा तक्ता मातीत गेला असता. चाचणी बिघडली तर ती मूळ ठिकाणाहून पुन्हा सुरू करायची असते. ते घरी परत गेले.

घरी पोहोचून त्यांनी यंत्र पुसलं आणि तक्त्यात नोंद केली. मग खुर्चीत बसले, ते बसूनच राहिले. दीड वाजता सुहासिनीबाईंचा फोन आला.

"झालं बारसं," त्या म्हणाल्या. "कुठे होतात?"

यज्ञेश्वररावांनी संचेती चौकापासून सुरुवात केली. बोळ सांगितला, गेट सांगितलं, सुदर्शनने सुचवलेल्या मार्गातले दोष सांगितले. सोळा मिनिटं बोलले. पलीकडून पाळण्याची कडी कुरकुरल्याचा आवाज येत होता. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांनी यंत्राबद्दल अभिप्राय लिहिला. पाच तारे. "नम्र, पाणी लागलं तरी चालणारं, कधीही उलट न बोलणारं. डोळे मिटून घ्यावं." आतापर्यंत तीनशे बारा लोकांनी हा अभिप्राय उपयुक्त असल्याचं कळवलं आहे.

वाळ्यांची डबी टेबलावर आहे. तुम्हालाही आता राहवत नसेल. संगम पुलापेक्षा बंडगार्डनवरून जायला हवं होतं, हे तुम्ही केव्हाच मनात ठरवून ठेवलंय. पाचवं यंत्र कुठल्या कंपनीचं, तो वाकडेवाडीचा बोळ नेमका कुठला, हेही कुणीतरी विचारेलच. नातीचं नाव काय ठेवलं, ते मात्र अजून तुम्हीही विचारलेलं नाही.